मॅडमना दाखवलेलं पोवळं

सन्माननीय अध्यक्ष, आम्हा बहुतेकांचे कान ज्यांनी पिळले ते निवृत्त मुख्याध्यापक सर. मुख्य कार्यालयातून खास या कार्यक्रमासाठी आलेले संचालकसाहेब. मच्छीमार संस्थेच्या अध्यक्षा, ज्या नात्याने माझ्या थोरल्या वहिनी लागतात आणि म्हणून ज्यांच्यासमोर मी सहसा तोंड उघडत नाही. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या प्रवाळ केंद्राच्या प्रमुख, आपल्या मॅडम. आणि दाटीवाटीने बसलेल्या, मागे खिडक्यांना टेकून उभ्या असलेल्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो,

गावच्या प्रवाळ समितीचा सचिव या नात्याने चार शब्द बोलण्याचा मान मला मिळाला आहे. साहेब नवीन आहेत म्हणून सांगतो, मला इथे सगळे 'पाना' म्हणतात. होड्यांची इंजिनं दुरुस्त करणं हा माझा धंदा. इंजिन बंद पडलं की लोक मला हाक मारतात आणि समारंभ बंद पडायला आला की माइक देतात. त्यामुळे बोलायची मला सवय आहे. तरी आज लिहून आणलेलं भाषण मी खिशातच ठेवलं आहे, हे पुढच्या रांगेला दिसत असेल. त्याचं कारण मी सांगणार आहे. पण आधी मॅडमबद्दल बोलू द्या, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

मॅडम इथे आल्या तेव्हा आम्ही त्यांचं स्वागत कसं केलं, हे आज आठवायला लाज वाटते. मासेमारी बंद करायला आलेली बाई, असा बोभाटा झाला होता. कोणी खोली दिली नाही. शेवटी बर्फाच्या कारखान्याच्या माळ्यावर त्या राहिल्या. खालून गारठा, वरून पत्रा तापलेला. पहिल्या सभेत वहिनींनी त्यांना विचारलं, "आम्हाला समुद्र शिकवताय, पण पोहता तरी येतं का?" मॅडमनी चष्मा काढून वहिनींच्या हातात दिला आणि धक्क्यावरून सरळ पाण्यात उडी मारली. त्या भिंतीपर्यंत जाऊन परत येईपर्यंत वहिनी तो चष्मा सांभाळत धक्क्यावर ताटकळत उभ्या होत्या. त्या दिवसापासून या दोघींची मैत्री आहे, आणि वहिनींनी ती आजवर कबूल केलेली नाही.

भिंत म्हणजे काय, हे साहेबांना सांगायला नको. समोर पाण्याखाली पोवळ्याची जी लांबच लांब रांग आहे, ती आमची भिंत. मोठी लाट तिथे फुटते आणि आमच्या उंबऱ्याशी येते ती नुसता फेस होऊन. आम्ही पिढ्यान् पिढ्या त्या भिंतीवर नांगर टाकत आलो. नांगराने ती कुठे कुठे पार उघडीबोडकी झाली होती. ती भरून काढायला मॅडमनी जे केलं, ते दुसऱ्या कोणाला सुचलं नसतं. त्या म्हणाल्या, सगळ्यांचं ते कोणाचंच नसतं. म्हणून त्यांनी घरटी एक लोखंडी चौकट दिली. वादळात तुटून पडलेल्या पोवळ्याच्या फांद्या वेचायच्या, त्या चौकटीला सुतळीने बांधायच्या, आणि चौकट भिंतीच्या अलीकडच्या उथळ पाण्यात ठेवायची. ज्या घराच्या दाराला जो रंग, तोच पट्टा त्या घराच्या चौकटीला. आमचं दार निळं, आमची चौकट निळी.

मग काय विचारता. बायका पाण्यात उतरायला लागल्या. पाणी भरताना, बाजारात, दवाखान्याच्या रांगेत एकच चौकशी, "तुमचं काय म्हणतंय?" म्हणजे पोवळं. कोणाची फांदी बोटभर वाढली की त्या घरात हवा. कोणाची वाढली नाही की सासू म्हणणार, सुनेच्या हाताला गुण नाही. मी सचिव खरा, पण मी कधी पाण्यात डोकं घातलेलं नाही. मला पाण्याची भीती वाटते. हसा, हरकत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. मला पाण्याखालचं जे काही ठाऊक आहे ते बायकोने आणि वहिनींनी सांगितलेलं. त्यांनी सांगायचं आणि मी अहवालात घालायचं, असा आमचा कारभार.

यंदा पाणी तापलं. धक्क्यावरून पाय सोडून बसलं तर अंघोळीच्या पाण्यासारखं लागतंय. पोवळं तापलं की पांढरं पडतं. मॅडमनी हे याच सभागृहात कितीदा समजावलं आहे. पांढरं झालेलं पोवळं मेलेलं नसतं, ते उपाशी असतं, पाणी निवलं तर पुन्हा रंग धरतं, म्हणून पांढरं दिसलं की त्याला हात लावू नका, आधी मला सांगा. आम्ही माना डोलावल्या. पण मॅडम, तुम्ही ते घराघरांत वाटून दिलं होतंत. ज्या घरचं पोवळं पांढरं, त्या घराची अब्रू गेली, असं आमच्या लोकांनी धरलं, हे तुमच्या ध्यानात कसं यावं? सगळ्यात आधी तांबड्या दाराच्या आजींचं पांढरं पडलं. लोक म्हणाले, घरात धुसफूस असेल. आजी बाजारात यायच्या बंद झाल्या. त्यानंतर कोणीही तोंडातून शब्द काढला नाही. ज्याला त्याला विचारावं तर, "आमचं छान आहे."

अध्यक्षमहाराज, मी विषय सोडून बोलत नाहीये. मला थोडा वेळ द्या.

काल मॅडमची शेवटची तपासणी होती. त्या पाण्यातून वर आल्या, डोळ्यांवरचा पोहण्याचा चष्मा काढला आणि हसल्या. मी होडीत होतो. त्या म्हणाल्या, "इतक्या गरम पाण्यात सगळ्यांची पोवळी तांबूस आहेत. मला कळत नाही कसं, पण मी आता निर्धास्त जाईन." मलाही भरून आलं. आज सकाळी हाताला तार लागली म्हणून मी औषधाच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, चिकटपट्टी संपली, बायका सगळी घेऊन गेल्या. घरी आलो, बायकोचा हात धरला. बोटं सोलवटलेली. म्हणाली, दोरी लागली. मी म्हटलं, इतक्या वर्षांत दोरी कधी अशी लागली नाही. तेव्हा ती खाली बसली आणि तिने सगळं सांगितलं.

चौकटी जवळजवळ सगळ्याच पांढऱ्या पडल्या होत्या. मॅडम दुःखी मनाने जाऊ नयेत म्हणून बायकांनी ठरवलं. भिंतीच्या बाहेरच्या अंगाला पाणी खोल आहे, थंड आहे, तिथलं पोवळं अजून रंगात आहे. जिथे आपणच कोणाला हात लावू देत नाही, तिथे जाऊन यांनी फांद्या तोडल्या. आणि त्या चौकटींना बांधल्या. पांढऱ्या होत्या त्या सोडून टाकल्या. काल मॅडमनी पाहिलं ते पोवळं आदल्या दिवशी बांधलेलं होतं.

मॅडम, पाणी प्या थोडं. मला माफ करा.

यात कोणाचा लबाडीचा हेतू नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. पाहुणे यायच्या आधी घर झाडावं, तसं त्यांनी केलं. मायेपोटी केलं. मी बायकोला म्हटलं, झालं ते झालं, मॅडम निघाल्या आहेत, आता कशाला बोलायचं? मी गप्प बसणार होतो. पण मघाशी चहाच्या वेळी साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सचिव, तुमच्यासाठी आनंदाची बातमी आहे. कालच्या तपासणीवरून दिसतंय की तुमचं प्रवाळ आता आपल्या पायांवर उभं आहे. मॅडमच्या जागी कोणी येणार नाही. केंद्राची होडी, माणसं, यंत्रं, सगळं जिथे जास्त गरज आहे तिथे नेतोय. मी भाषणात जाहीर करणारच आहे." साहेबांचं भाषण माझ्यानंतर आहे. लिहिलेलं भाषण खिशात का राहिलं, ते आता कळलं ना?

मला भीती वाटते. मोठ्या माणसाने सभेत असं म्हणू नये, पण वाटते. माझी बहीण पलीकडच्या वस्तीत दिली होती. तिथल्या लोकांनी भिंत फोडून घरांना दगड वापरला, तुम्हाला ठाऊक आहे. आज ती वस्ती नाही. बहीण मुलांना घेऊन माझ्याकडे राहते. अजून समुद्राचा आवाज जरा चढला की ती उठते आणि मुलांची दप्तरं माळ्यावर ठेवते. मी तिला म्हणतो, अगं, इथे भिंत आहे. तोच मी आज सकाळपासून त्या माळ्याकडे बघतोय. खोल पाण्यातून तोडून आणलेल्या त्या फांद्या उथळ गरम पाण्यात किती दिवस तग धरणार? त्या गेल्या, सोडून दिलेल्या गेल्या, भिंतीच्या बाहेरच्या अंगाला नवी जखम झाली, आणि हे सगळं बघायला इथे कोणीच नसेल. आम्ही एकमेकांना सांगत राहू, आमचं छान आहे.

वहिनी, तुम्ही मला डोळ्यांनी दटावताय. जन्मभर दटावलंत, मी ऐकलं. आज ऐकलं तर उद्या आपल्या दोघांचंही ऐकायला कोणी उरायचं नाही. उद्यापासून बाजारात माझ्याशी कोणी बोलणार नाही, हेही मला कळतं. इंजिन बंद पडलं तरी हाक मारू नका, चालेल. पण साहेब उठायच्या आत मला त्यांच्याकडे एक मागायचं आहे.

मॅडम, काय म्हणालात? माइकमध्ये आलं नाही. मॅडम विचारताहेत, पांढऱ्या फांद्या कुठे टाकल्या.

त्या रागावलेल्या नाहीत. तुम्ही सगळ्यांनी त्यांचा चेहरा बघा. त्या एवढंच विचारताहेत, कुठे टाकल्या, आणि वाळूत गाडल्या की नुसत्या ठेवल्या. पाण्यात मोकळ्या असतील तर काही अजून जिवंत असतील, असं म्हणताहेत. सांगा ना कोणीतरी. मला ठाऊक नाही, मी पाण्यात उतरत नाही. सांगा.

माझी बायको उभी राहिली आहे. तिला खाली बसवू नका. तांबड्या दाराच्या आजी उठताहेत, त्यांना जरा हात द्या. त्या खिडकीपाशी अजून दोघी आहेत. वहिनी. वहिनी, तुम्हीसुद्धा?

साहेब, तुमच्या भाषणाच्या आड येतोय, पण ते कागद घडी करून ठेवा. पोवळं आपल्या पायांवर उभं नाही. उभी आहेत ती ही माणसं, आणि ती घाबरून उभी आहेत. त्यांना सोडून जाऊ नका.

अध्यक्षांनी मला अडवलं नाही याबद्दल त्यांचे, आपण ऐकून घेतलंत याबद्दल आपले, आणि मॅडम, आम्हाला हा समुद्र आपला वाटायला लावलात याबद्दल तुमचे मनापासून आभार. वक्ता शेवटी क्षमा मागतो ती बहुधा रीत म्हणून. माझ्या बोलण्यात जे वावगं गेलं असेल ते माझ्या माथी मारा, या बायकांना बोल लावू नका. आणि आता मला बसायला सांगू नका. मॅडम व्यासपीठावरून उतरून धक्क्याकडे निघाल्या आहेत, बायका त्यांच्या मागे आहेत, आणि आज मलाही पाण्यात उतरावं लागणार आहे.