आईचं कपाट

रुग्णालयाच्या बाकावर प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवलेले एक मास्तर आपल्या नंबराची वाट पाहत बसले होते. शेजारच्या दोघी बहिणी आईला घरी न्यायला आल्या होत्या. ऐकायचं नाही म्हटलं तरी त्यांचं बोलणं कानावर पडतच होतं.

"ताई, आईच्या कपाटात चार पांढरे शर्ट आणि एक राखाडी शाल, एवढंच? बाकी सगळं गेलं कुठे?"

"अगं, त्या नव्या वसंत कलेक्शनचा फॅशन शो पाहिला ना मी. सगळे साधे, सुती, एकरंगी कपडे. बघतानाच किती शांत वाटत होतं! म्हटलं, आई येईपर्यंत तिचंही कपाट तसंच लावून टाकू."

"आणि बाबांचा कोट?"

"कुठला?"

"कुठला काय? एकच तर होता."

"जुनाट झाला होता गं. देऊन टाकायच्या गठ्ठ्यात गेला."

"बाबा गेल्यापासून आई तो अंगात घालून झोपते. तुला माहीत नाही?"

"मी कधी राहिलेय तिच्याजवळ, मला माहीत असायला?"

तेवढ्यात नर्सनं आईची चाकाची खुर्ची बाहेर आणली.

"आलात गं पोरींनो? यांचा कोट आणलात ना? बाहेर गारठा असेल."

"ड्रायक्लीनला दिलाय, आई," धाकटी घाईघाईनं म्हणाली.

"नाही, आई. मी देऊन टाकला." थोरलीची मान वर होईना.

"कुणाला?"

"माहीत नाही."

आईनं पदर खांद्यांभोवती ओढून घेतला.

"उजव्या खिशाला भोक आहे गं त्याच्या. ज्याला दिलास, त्याला सांगायचं तरी. किल्ली पडेल बिचाऱ्याची."