दोन कॅसेटचा सिनेमा

मी फारशी बोलत नाही, म्हणून व्हीसीआरपाशी नेहमी मलाच बसवतात. त्या शनिवारी कॅलिफोर्नियात, क्युपर्टिनोला आमच्याकडे चार कुटुंबं जेवायला होती आणि आणलेला हिंदी सिनेमा दोन कॅसेटवर होता. मी चुकून दुसरी कॅसेट आधी लावली. पहिल्याच सीनमध्ये नवरा मेला आणि त्याच्या मित्राने त्याच्या मेहुणीशी ठरलेलं आपलं लग्न मोडलं.

"नावं नाहीत, डायरेक्ट सुरू. मॉडर्न आहे," साठे काका म्हणाले.

चूक माझ्या लक्षात आली, तेव्हा मीना काकू डोळे पुसत होत्या. "कोण कोणाचं ते कळत नाही, पण काय काम करते गं ही."

आता सांगायचं कसं? ती तशीच चालू दिली. 'समाप्त' दिसायच्या आत मी कॅसेट बदलली आणि पहिलीतली नावं भरभर पुढे ढकलली. नवरा हसत घरात शिरला.

"मला वाटलंच होतं, तो मेला नव्हता," काका म्हणाले.

दीड तासाने पडद्यावर 'मध्यंतर' आलं.

काका कोट घेऊन उठले. "अजून निम्मा बाकी आहे? बंद कर बाळा. कामं चांगली आहेत, म्हणून इथवर बसलो."