हातानं ऐकलेला आवाज

सुरुंगाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. मी तेव्हा हैदराबादला शिकत होतो. दणका बसला की दगडातून हादरा कसा पळतो, हाच माझा अभ्यास. सुट्टीत गावी, पालमला आलो, तर आमच्या विहिरीत सुरुंग लावणं चालू होतं. मी लांब ओट्यावर पाण्याची परात ठेवून तरंग बघत बसलो. शेजारी आई. मी लहान असतानाच तापात तिचे कान गेले होते.

सुरुंग उडाला. पाणी थरथरलं. ओट्यावर हात टेकलेली आई एकदम हसली, "आला रं! हातातून आला आवाज!"

मग तिनं माझ्या छातीवर हात ठेवला. "आता तू बोल."

मी म्हणालो, "आई."

"अजून एकदा."

"आई!"

तिचे डोळे भरले. "लय मोठा झालाय की रं तुझा आवाज. पार बापासारखा!"