वजा एकाहत्तर पॉइंट तीन

...आणि वर मलाच म्हणतात, 'घाबरवलंत!' अहो, मी फक्त मोजत होतो! आता ते मंगळवारी घडलं की बुधवारी, हे विचाराल तर माझा माझ्या आठवणीवर भरवसा नाही. चौतीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलेल्या माणसानं असं म्हणावं ही नामुष्कीच, पण नाही आठवत तर नाही आठवत. एवढं नक्की, की आमची लेक बाळंत होऊन पाच आठवडे झाले होते आणि दारामागच्या खुंटीवर तिचा पट्टा टांगलेला होता.

पट्टा कसला ते सांगतो. लेक क्रेन चालवते. बारा मजले उंच शिडी चढायची, वरच्या केबिनीत जाऊन बसायचं, आणि चढताना अंगावर सुरक्षेचा पट्टा. त्या पट्ट्याचं बक्कल लागेना! चार बोटं कमी! 'बाबा, आठ आठवड्यांत मी वर असणार,' म्हणाली. म्हणाली म्हणजे झालंच! पाव बंद, भात बंद, बटाटा बंद, साखर बंद. अंडी, कोबी, चीज, काकडी... काकडी, चीज, कोबी, अंडी! मी म्हटलं, एकटीनं पथ्य करायचं म्हणजे शिक्षाच की, मीही करतो तुझ्यासोबत. आमची ही म्हणाली, 'मी नाही हं! मी आपला माझा पाव स्वयंपाकघरात उभ्यानं खाईन.' आणि खायची! कुरुमकुरुम ऐकू यायचं बाहेर!

पण बाळ अंगावर पीत होतं ना? मला घोर लागला. आईच्या पोटात कोबी, मग दूध कुठून येणार? मी काय केलं? काही नाही. मोजत होतो! घरात काटा एकच, तोही मोठ्या माणसांचा. बाळाला आम्ही बोचकं म्हणायचो, त्याला नुसतं ठेवलं तर काटा दादच देईना. मग शास्त्रशुद्ध पद्धत. आधी मी एकटा उभा राहिलो : एकाहत्तर पॉइंट तीन. वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं, भोवती चौकट काढली. मग रोज सकाळी बोचक्याला घेऊन उभं राहायचं आणि येईल त्या आकड्यातून एकाहत्तर पॉइंट तीन वजा. पहिल्या दिवशी चार पॉइंट दोन. मग चार पॉइंट एक. मग चार. दोन आठवड्यांत तीन पॉइंट नऊ! माझी तर पँट कमरेवरून घसरायला लागली... म्हटलं, काळजीनं माणूस खंगतो तो असा!

शेवटी वही लेकीपुढे ठेवली. तांबड्या शाईत आलेख काढला होता. तिनं पाहिला. रडली नाही, बिडली नाही. 'माझं दूध कमी पडतंय,' एवढंच म्हणाली, खुंटीवरचा पट्टा काढला, कपाटात कोंबला आणि दार लावलं. ही म्हणाली, 'अहो, काय केलंत हे?' काय केलं? मी फक्त...

तसेच उठलो, दवाखान्यात गेलो. नर्सबाईंनी बोचकं तान्ह्या बाळांच्या काट्यावर ठेवलं. चार पॉइंट सहा! 'छान वाढतंय की! कोण म्हणतं दूध कमी आहे?' सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

'पण ताई,' बाई लेकीला म्हणाल्या, 'हे सगळंच तोडणं बरं नाही हं. पाजणाऱ्या आईनं पोटभर खायचं. पाव, बटाटा, भात, थोडं थोडं परत आणा. रोज चाला. वजन हळूच उतरू दे.'

'मग मला वेळ लागेल.'

'लागू दे. क्रेन काय उडून जातेय?'

लेकीनं बोचकं उचलून खांद्याशी धरलं. मग म्हणाली, 'ठीक. वेळ लागू दे. पण चढणार.'

घरी येऊन पट्टा परत खुंटीवर! आठाचे अठरा आठवडे झाले, पण एका सकाळी बक्कल टक्कन लागलं आणि लेक गेली वर. खालून आम्ही टाळ्या वाजवल्या, बोचक्यानं भोकाड पसरलं.

आणि काटा? 'मेला बिघडलाय,' म्हणून हिनं भंगारात दिला. मीही मान डोलावली.

सहा वर्षांनी खण आवरताना ती वही सापडली. आत नर्सबाईंनी दिलेलं बोचक्याच्या वजनाचं कार्ड, आणि त्याच तारखेची माझ्या रक्तदाबाच्या डॉक्टरांची चिठ्ठी. वजन : सत्तर पॉइंट सहा. वहीचं शेवटचं पान उघडलं. एकाहत्तर पॉइंट तीनऐवजी सत्तर पॉइंट सहा वजा केले, तीनदा केले : चार पॉइंट सहा! काटा बिचारा निर्दोष होता हो! बाळंतीण ती, पथ्य तिचं, निश्चय तिचा... आणि त्या पंधरवड्यात बाळंतपणाचं वजन उतरलं ते माझं!