कुंडीचा खटला

— नाही नाही, मॅडम, तीनशे वर्षांची म्हणजे तीनशे वर्षांचीच आहे, गळ्याशपथ, यात एक अक्षर खोटं निघालं तर त्या पलीकडच्या खोड्यात माझे पाय अडकवा आणि किल्ली नाल्यात फेकून द्या. आता तुम्ही कुंडी उलटी केलीत, बुडाला रोपवाटिकेचा शिक्का दिसला — दिसणारच, मी कुठे नाही म्हणतो — पण तीनशे वर्षांपूर्वी लोक रोपं लावत नव्हते का? बरं, अडीचशे धरा. शिक्क्यात टेलिफोन नंबर आहे? ... असेल. तुम्ही भिंग घेऊन आलात, मग संपलंच. मुख्य कचेरीने तुम्हाला त्यासाठीच पाठवलंय, कळतं मला — खऱ्या वस्तूला हिरवी चिठ्ठी, खोट्या वस्तूला लाल, आणि लाल चिठ्ठीचा माल भंगारात. माझं म्हणणं एवढंच, की कुंडीच्या पेटीवर ती लाल चिठ्ठी डकवलीत ना, ती घटकाभर नाही असं समजा. आरोपीचं ऐकून घेतल्याशिवाय शिक्षा नाही — तुमच्या पाठीमागे भिंतीवर लिहिलंय बघा, संग्रहालय व्हायच्या आधी जुनं न्यायालय होतं ना हे, तेव्हापासूनचं आहे. रंग पुसट झाला होता, तो मी भरला. बसा. त्या स्टुलावर नको, त्यावर फटके द्यायचे. या खुर्चीवर बसा.

काय म्हणालात? जिन्यात? एका बाईंचा धक्का लागला? म्हणजे धक्का तुमचा लागला आणि माफी त्यांनी मागितली, असंच ना? ... हं. मागते ती. खुर्चीला पाय लागला तर खुर्चीचीही मागते. जाऊ द्या, तिचं नंतर. आधी कुंडी.

कुंडी कळायला आधी ही दालनं कळायला हवीत, आणि तुम्ही तर चिठ्ठ्या लावत झपाझप आलात. पहिल्या दालनात काठ्या, कोयते, भाले — तो सूड. तुझ्या भावाने माझा भाऊ मारला, म्हणून मी तुझा मारला, म्हणून तू माझा चुलता मारलास, असं करत करत दोन्ही घरांत चूल पेटवायला माणूस उरेना. मग राजा म्हणाला, थांबा, गुन्हा तुमच्या घरचा नाही, माझ्या राज्याचा आहे, काय उट्टं काढायचं ते मी काढतो, तुम्ही घरी जा. ते पाऊल मोठं होतं, मॅडम. पण राजाला तरी काय कळणार कोण खरं न् कोण खोटं? म्हणून दुसऱ्या दालनातली ती कढई — उकळत्या तेलातून अंगठी काढ, हात भाजला तर तू चोर. आता उकळत्या तेलात हात भाजत नाही असा माणूस कुठून आणायचा? पण पुष्कळ काळ तोच पुरावा होता. मग कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला, की बोट ज्याने दाखवलं त्याने सिद्ध करावं, ज्याच्याकडे दाखवलं त्याने नव्हे. आणि सगळ्यात शेवटी — हात बघून झाले, हत्यार बघून झालं, रक्त बघून झालं, तेव्हा कुठे विचारायला लागले — बाबा रे, करताना तुझ्या मनात काय होतं? एवढासा प्रश्न! तोवर डुकरांवर खटले चालले, बैलांवर चालले, हे मात्र खरंच खरं आहे, हवं तर पुस्तकात बघा. शाळेच्या पोरांना मी सांगतो, हा प्रश्न या इमारतीतली सगळ्यात मोलाची वस्तू आहे आणि ती काचेत ठेवता येत नाही. टाळ्या पडतात या वाक्याला. तुम्ही नका वाजवू, तुम्ही सरकारी कामावर आहात.

तर त्या राज्यात एक बाई होती. तिच्या स्वयंपाकघराची खिडकी रस्त्यावर, तिसऱ्या मजल्यावर — म्हणजे उंचावर, तेव्हा मजले मोजत नसतील — खिडकीत कुंडी आणि कुंडीत टोमॅटो. तो तिच्या लेकीने लावलेला. ताटातली फोड खायची नव्हती म्हणून मातीत खुपसली आणि आईला दटावून सांगितलं, पाणी घालायचं हं विसरू नकोस. बाई मनात म्हणाली, कशाचं काय उगवतंय. उगवलं. पहिलं फूल आलं ते गळून पडलं, बाईने ते गुपचूप उचलून टाकलं, लेकीला सांगितलं नाही. मग दुसरं आलं, धरलं, टोमॅटो लागला, हिरवा, गोटीएवढा — काय? त्या राज्यात टोमॅटो नव्हता? बरं, वांगं म्हणा. पण वांगं लाल होत नाही हो, आणि मला ते लाल व्हायला हवंय, तेव्हा टोमॅटोच राहू द्या. लेक रोज घरी येताना खालूनच ओरडायची, दप्तर पाठीवर — पाटी, पाटी म्हणा — ‘आई, झाला का गं लाल?’ अख्खी गल्ली कंटाळली होती. आणि एके दुपारी झाला. पण नेमका आतल्या अंगाला लागलेला, खालून दिसेना. लेक टाचा उंचावून बघतेय, ‘कुठे? कुठे?’ म्हणतेय. म्हणून बाईने कुंडी फिरवली. एवढंच केलं तिने. लेकीला दिसावा म्हणून फिरवली.

पुढचं मी सांगत नाही. कुणालाच सांगत नाही. मी तिथून एकदम न्यायालयात जातो.

न्यायाधीश म्हातारा, पायाला सूज, ऊन पाण्याच्या घंगाळात पाय सोडून बसायचा आणि निकाल लांबला की पाणी बदलून मागायचा. पिंजऱ्यात कुंडी. तिच्या बाजूने वकील दिलेला, कारण बाजू मांडायला कुणी नाही असा आरोपी त्या राज्यात ठेवत नसत. न्यायाधीशाने विचारलं, गुन्हा कबूल आहे का? कुंडी गप्प. सरकारी वकील उसळला, महाराज, बघा, गप्प आहे, म्हणजे कबूल आहे! कुंडीचा वकील म्हणाला, गप्प बसणं म्हणजे कबुली नव्हे, मी स्वतः बायकोपुढे रोज गप्प बसतो, त्याचा अर्थ मी सगळं केलं असा होतो का? न्यायाधीश म्हणाला, होत नाही, लिहून घ्या. मग तो वकील म्हणाला, कुंड्यांनी पडू नये असा कायदा आधी कुठे लिहिलाय ते दाखवा. आधी कायदा, मग गुन्हा. पडून झाल्यावर कायदा करायचा नाही. तेही लिहून घेतलं. मग त्याने वाऱ्याला साक्षीला — नाही, वारा नाही. वारा मी काढलाय आता. मग कुंभाराला बोलावलं. कुंभार म्हणाला, माती मी कालवली, वाळू मी घातली, मन घातल्याचं काही आठवत नाही. सगळे हसले. तुम्ही पण हसलात, बघितलं मी.

आणि तेवढ्यात आमची ही मागे उभी राहिली आणि म्हणाली, ‘तिला मन नाही. मला आहे. मला शिक्षा द्या.’ न्यायाधीशाने पाय पाण्यातून बाहेर काढले. म्हणाला, बाई, कुंडी फिरवताना तुझ्या मनात काय होतं? ती म्हणाली, ‘टोमॅटो.’ न्यायाधीश पाय पुसत म्हणाला, मनात टोमॅटो असणं हा गुन्हा नाही.

... ‘ही’ म्हणालो? कोण ही? बाई म्हणालो मी. त्या राज्यातली बाई. ऐकण्यात काहीतरी — बरं, म्हणालो असेन. निकाल ऐका आधी. न्यायाधीशाला दिसत होतं, की कायदा शहाणा होत होत अशा जागी आलाय, की इथे दोषी कुणीच नाही, आणि कुणीच नसेल तर ही बाई सगळा दोष पदराला बांधून घरी नेणार. म्हणून तो जाणूनबुजून कायद्याच्या एक पाऊल मागे आला. म्हणाला, दोषी कुंडी. तिचे तुकडे जोडा, काचेच्या पेटीत उभी करा, येणाऱ्या-जाणाऱ्याने तिच्याकडे बघावं — जन्मठेप. आणि बाई, तू जा. मग ती बाई घरी गेली आणि तिने स्वयंपाकघराची खिडकी उघडली. संपलं. आता मला सांगा, मॅडम, जन्मठेपेचा कैदी तुम्ही एका लाल चिठ्ठीने कसा काय बाहेर काढता? तेवढा अधिकार आहे का तुमच्या कचेरीला?

... गोंद? हो, गोंद आजच्या बाजारातला आहे. मीच लावला. जुन्या वस्तू जोडायचंच तर काम माझं, पण इतकं वाईट मी कधी जोडलं नव्हतं. ओठाजवळचा तुकडा मिळालाच नाही, ती खाच तशीच आहे.

समोरची नवी इमारत आहे ना, काचेची, तिथलं न्यायालय. तिथे न्यायाधीशबाई होत्या, तुमच्याच वयाच्या, स्वभावाने चांगल्या. पोलिसांनी खिडकी मोजली होती, कठडा मोजला होता, शेजाऱ्यांना विचारलं होतं. न्यायाधीशबाई म्हणाल्या, हा अपघात आहे, यात कुणाचाही दोष नाही. झालं. आमची ही उभीच. त्या म्हणाल्या, बसा हो. ती बसली नाही. म्हणाली, ‘मग मी जाऊ?’ त्या म्हणाल्या, हो, तुम्ही जाऊ शकता. ती म्हणाली, ‘कुठे?’ ... न्यायाधीशबाई समोरचे कागद आवरायला लागल्या. मला एरवी कुठेही काहीही सुचतं, तुम्ही बघताच आहात, तिथे मी नुसती तिची पिशवी उचलली. एवढी वर्षं मी या दालनांतून ओरडून सांगत आलो, की मनात काय होतं हे विचारायला शिकलो तेव्हा आपण माणसं झालो — आणि तो प्रश्न तिला विचारला, नीट विचारला, प्रेमाने विचारला, उत्तरही बरोबर निघालं, आणि तिचं काही म्हणता काही भलं झालं नाही. शिक्षा झाली असती तर कधीतरी ती भोगून झाली असती, दार उघडून कुणीतरी म्हटलं असतं, जा आता. निर्दोष माणसाला सोडवायचं कुठून? आणि बाहेर पडताना शिपायाने माझ्या हातात गाठोडं दिलं. मुद्देमाल. खटला मिटला की ज्याची वस्तू त्याला परत देतात, तसा नियमच आहे. आत खापऱ्या आणि वाळलेली माती. ते घेऊन मी तिच्याबरोबर घरी कसा जाऊ? तिला म्हटलं, तू हो पुढे. आणि रस्ता ओलांडून इथे आलो. ही पेटी रिकामी होती. आधी तिच्यात बेड्या होत्या, त्या दुरुस्तीला गेल्या होत्या. राज्य, म्हातारा, त्याचं घंगाळ, सगळं नंतर सुचत गेलं, कारण रिकामी पेटी असली की लोक विचारत नाहीत, पण कुंडी असली की विचारतात, आणि विचारलं की मला गप्प बसवत नाही.

महिने गेले, ही घराबाहेर पडेना. दूधसुद्धा मी आणायचो. आणि एका गुरुवारी मी इथे चार लोकांना कुंडीचा खटला सांगतोय, तर त्यांच्या मागे ही उभी. तिकीट काढून आलेली. दारावरच्याने म्हटलं, वहिनी, तुम्हाला कसलं तिकीट? तरी काढलं. मी ओळख दाखवली नाही, तिनेही नाही. मी त्या दिवशी अगदी रंगात सांगत होतो — कुंडीचा वकील म्हणतो, महाराज, खरा आरोपी वारा आहे, त्याला बोलावणं पाठवलं तर तो सापडत नाही! लोक खो-खो हसतायत, आणि मागून हिचा आवाज आला, ‘वारा नव्हता त्या दिवशी.’ लोक आणखीनच हसले. त्यांना वाटलं, खेळाचाच भाग आहे. तेव्हापासून वारा काढला.

पण ती येते, मॅडम. दर गुरुवारी. केस विंचरून, चपला घालून, जिना उतरून, रस्ता ओलांडून येते. दुसऱ्या कशासाठी ती दाराबाहेर पाऊल टाकत नाही — बहिणीकडे नाही, डॉक्टरकडे नाही. फक्त कुंडीला दोषी ठरवताना ऐकायला. म्हणून मी खटला लांबवतो, कुंभार आणतो, घंगाळात पाणी ओततो, की तेवढाच वेळ ती इथे उभी राहील, माणसांत. तुम्हाला जिन्यात भेटली ती तीच. आज गुरुवार आहे. ही पेटी भंगारात गेली तर पुढच्या गुरुवारी ती इथे येऊन काय बघणार? आणि मला ती कुंडी घरी न्यायला सांगू नका. तेवढं सांगू नका.

... काय? खिडकी? ती खरंच उघडली का? 

वाटलंच मला तुम्ही ते विचाराल. बघा, यातलं खोटं काय न् खरं काय, याची तुम्हाला नोंद हवीच असणार. राज्य लिहा खोटं, म्हातारा लिहा, त्याचे सुजलेले पाय लिहा, माझं काही जात नाही. पण मला विचाराल तर मी त्यांना खोटं म्हणत नाही, ती नुसती सजावट. मी खरोखर मनाने घातलेलं त्यात एकच आहे. खिडकी उघडली ते. खिडकी बंद आहे. आतून जाड कागद चिकटवलाय, भर दुपारी आम्ही दोघंच दिवा लावून जेवतो. आणि गंमत बघा, ते मी जिच्यासाठी घातलं तिने ते अजून ऐकलेलंच नाही. ती निकालापर्यंत थांबते. ‘दोषी कुंडी’ ऐकते, ‘बाई, तू जा’ ऐकते, आणि मी खिडकीपाशी यायच्या आत वळून जिन्याकडे जाते. दर वेळी. मी आवाज चढवून सांगतो, म्हणजे जिन्यात तरी ऐकू जाईल. जातं की नाही, माहीत नाही.

नखाने नका काढू ती चिठ्ठी, मॅडम, काचेवर ओरखडा येईल — हे घ्या ओलं फडकं — नाही, राहू द्या, मी करतो. तुम्ही जा. दिवे घालवायची वेळ झाली माझी. खाली बाकावर ती बसलेली असेल, मी कुलूप लावेपर्यंत बसते. तुम्हाला बघून पाय आवरून घेईल आणि माफी मागेल. का, कशाची, विचारू नका. नुसतं ‘असू दे’ म्हणा. माझ्या तोंडून तिला ते खरं वाटत नाही.

जा.