शिवलीलाची कवदी

आजच्या सभेचे अध्यक्ष आदरणीय बलभीमअण्णा, मुख्याध्यापक उत्तरेश्वर सर, व्यासपीठावर बसलेली संस्थेची सगळी वडीलधारी मंडळी, माझे सहकारी शिक्षक बंधू-भगिनी, नळदुर्ग, अणदूर आणि जळकोटहून कामं टाकून आलेले पालक, आणि माझ्या शिट्टीला वर्षानुवर्षं मनातल्या मनात शिव्या घातलेल्या माझ्या विद्यार्थ्यांनो,

हसा, हसा. आज परवानगी आहे. उद्यापासून शिट्टी माझ्याकडं नाही.

खेळाच्या मास्तरला भाषण जमत नाही. 'सावधान' आणि 'विश्राम' एवढीच आमची भाषा. आभार मानायचे, शाल घ्यायची आणि खाली बसायचं, असं मी ठरवून आलो होतो. पण उत्तरेश्वर सरांनी मघाशी बोलताना मला सगळ्यांसमोर अडकवलं. ते म्हणाले, "जिल्ह्याच्या हस्तकला प्रदर्शनासाठी आम्ही राजशेखर सरांच्या घरची गोधडी दोनदा मागितली. सरांनी दोन्ही वेळा नाही म्हटलं. आज जाता जाता तरी कारण सांगा." सर प्रेमानं बोलले, मला कल्पना आहे. तुमच्यातल्या निम्म्या लोकांना ती गोधडी कशाची आहे हे माहीत आहे. उरलेल्यांनी माझं थोडं ऐकून घ्यावं.

आमच्या घरात तिला गोधडी म्हणत नाहीत, कवदी म्हणतात. माझ्या पत्नीचं, नीलम्माचं, माहेर कर्नाटकातल्या आळंदचं. तिकडचा शब्द तिच्याबरोबर आला आणि राहिला. ती समोर तिसऱ्या रांगेत बसली आहे. मी हे बोलणार आहे हे तिला ठाऊक नव्हतं. नीलम्मा, रागावू नको.

आम्हाला एकच लेक होती, शिवलीला. या शाळेच्या मैदानावर वाढली असं म्हटलं तरी चालेल. खो-खो तिच्या अंगात होता. खांबाला गिरकी घेऊन अशी सुटायची की समोरच्याचा हात हवेतच राहायचा. सूर मारायची तेव्हा टी-शर्ट पोटावर फाटायचा आणि घरी आली की आईपुढं टाकायची, "आई, तेवढं रफू कर. उद्या हाच घालणार." तालुक्याचा पिवळा, जिल्ह्याचा निळा, विभागाचा हिरवा. पाठीवर सगळीकडं सात नंबर.

बारावीनंतर पोलीस भरतीची तयारी करायला ती सोलापूरला मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहिली. पावसाळा सरत आला होता. फोनवर म्हणाली, "पप्पा, अंगात जरा कणकण हाय. रविवारचं पळणं झालं की येते." रविवारी आम्हीच गेलो. डेंग्यू होता. डॉक्टरांनी शर्थ केली, तिच्या मैत्रिणी रक्त द्यायला रांगेत उभ्या राहिल्या. तरी ती गेली.

जळकोटच्या शेतात, आमच्या लिंगायत रिवाजाप्रमाणं, आम्ही तिला मातीत बसवलं. बसून राहणं तिला कधी आवडलं नाही.

माफ करा. जरा पाणी घेतो.

गेलेल्या माणसाची कापडं घरात ठेवू नयेत, असं आपल्याकडं म्हणतात. माझ्या बहिणीनं तिचे ड्रेस गोळा केले, देऊन टाकले. टी-शर्टांना मात्र नीलम्मानं कुणाला हात लावू दिला नाही. तिनं ते लोखंडी पेटीत घातले. दवाखान्यात जाताना शिवलीलाच्या अंगावर जो होता तो न धुता, वेगळ्या पिशवीत बांधून ठेवला. मग रोज दुपारी पेटी उघडायची, तो टी-शर्ट तोंडाशी धरायचा, पुन्हा बांधायचा. मी तेव्हा मैदानावर असायचो. खरं म्हणजे मैदानावर काम नसलं तरी असायचो.

असं जवळजवळ दोन वर्षं चाललं. एके दिवशी मी दुपारी घरी होतो, तर तिनं हाक मारली.

"अहो, इकडं या. ह्याचा वास घ्या."

मी घेतला. डांबरगोळीचा वास येत होता.

"वास गेला बघा तिचा," ती म्हणाली. "पुरता गेला. आता नुसती कापडंच राहिली."

मी टी-शर्ट घडी घालून ठेवायला लागलो. तिनं माझ्या हातातून काढून घेतला.

"ह्याची कवदी शिवते."

"कातरी लावणार? तिच्या कापडाला?" माझा आवाज चढला. "तिला नेलं तेवढं पुरलं न्हाय का? आता तुकडे पण करायचे?"

ती रडली नाही. शांतपणानं म्हणाली, "पेटीत ठिवून तरी कुठं राहिली ती?"

त्यानंतर कातरी कितीतरी दिवस कपाटावर पडून होती. तिला उचलवत नव्हती आणि मला बघवत नव्हती. आम्ही त्या कातरीला वळसा घालून घरात वावरायचो.

दिवाळीत शिवांजली आली. तुमच्यातल्या मुलींना ती माहीत आहे, शिवलीलाच्या संघातली. भरती होऊन ती आता पोलिसात आहे. दोघी एकाच वेळी तयारीला बसल्या होत्या. दारात उभी राहिली आणि पिशवीतून एक टी-शर्ट काढून नीलम्मापुढं धरला. "काकू, हा तिचा हाय. लातूरच्या स्पर्धेनंतर आमी बदलून घेतले होते. माझ्याजवळ ठेवायला मन होईना, द्यायला पण होईना."

नीलम्मानं तो छातीशी धरला. मग तिनं कवदीचं सांगितलं, कातरीचंही सांगितलं. शिवांजली म्हणाली, "तुमी धरा काकू, मी कापते."

"न्हाय बाई. माझ्याच हातानं व्हायला पायजे." मग माझ्याकडं वळली. "तुम्ही नुसतं ताणून धरा."

मी धरलं. मित्रहो, टी-शर्टच्या कापडाला कातरी लावली तर आवाज होत नाही. काहीतरी आवाज होईल असं मला वाटलं होतं. कापलं की ते कापड कडेनं आत वळतं, अंग चोरल्यासारखं. नीलम्मानं प्रत्येक तुकडा हातानं सरळ केला, आपल्या जुन्या सुती लुगड्यावर टाचला, तेव्हा कुठं ते वळायचं थांबलं.

सुट्टीभर संघातल्या मुली येत राहिल्या. कुणी लेकरू काखेत घेऊन, कुणी माहेरपणाला आलेली. अंगणात चटई टाकून बसायच्या, धावदोरा घालायच्या आणि बोलायच्या. मी दाराआड उभा राहून ऐकायचो. शिवलीला माझ्या शिट्टीची नक्कल कशी करायची, हे मला तेव्हा कळलं. किल्ल्याच्या वाटेवर पळायला पाठवलं की ही सगळ्यांना घेऊन ढाब्यावर भजी खायची, हेही कळलं. आणि लातूरला आम्ही अंतिम सामना हरलो, तेव्हा ती न्हाणीघरात कोंडून घेऊन रडली होती. बाहेर येऊन तिनं सगळ्यांना शपथ घातली होती, "पप्पांना सांगू नका. आपल्यापेक्षा त्यांना जास्त लागतं."

ते ऐकलं आणि मी मागच्या दारानं बाहेर पडलो. या मैदानावर आलो. सुट्टी होती, कुणी नव्हतं. बरं झालं.

त्या दिवसांत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. दोन वर्षांत आमच्या घरात तिचं नाव कुणी घेतलं नव्हतं. लोक वाईट नव्हते हो. आम्हाला त्रास नको म्हणून विषय बदलायचे, पाऊसपाण्याचं बोलायचे. मुलींनी मात्र अंगणात दिवसभर शिवली, शिवली केलं. नीलम्मा त्या वेळी एकदा हसली. मी ते हसू पाहिलं.

कवदी पुरी झाली. हिवाळ्यात मी तापानं पडलो, तर नीलम्मानं ती माझ्या अंगावर घातली. बोटाला तो रबरी सात नंबर लागला. मला वाटलं होतं, आता मन शांत होईल. तसं झालं नाही, अजूनही झालेलं नाही. ऊब मात्र आली.

तर उत्तरेश्वर सर, तुमचा निरोप मी घरी सांगितला होता. नीलम्मा म्हणाली, "भिंतीवर टांगायला न्हाय शिवली. पांघरायला शिवली." एवढंच कारण. शाळेचा मान मोडायचा हेतू नव्हता.

या शाळेनं मला भाकरी दिली आणि माझ्या लेकीला मैदान दिलं. संस्थेचा, सहकाऱ्यांचा आणि गावाचा मी ऋणी आहे. बलभीमअण्णा, या वयात तुम्ही माझ्यासाठी पायऱ्या चढून आलात, हे मी विसरणार नाही. आम्ही दोघं आता जळकोटला शेतात राहायला चाललो आहोत. निरोपाच्या दिवशी मी घरचं दुःख मांडून बसलो, वेळ लांबवला, कुणाचं नाव घ्यायचं राहून गेलं असेल. लहान-मोठ्या सगळ्यांनी ते पोटात घालावं.

एकच मागणं आहे. जळकोटच्या रस्त्यानं जाताना आमच्याकडं थांबत जा. आणि आल्यावर पाऊसपाण्याचं बोलू नका, शिवलीलाचं बोला. तुमच्यापैकी कुणाला तिची काहीही आठवण असेल, एखादी खोडी असली तरी, ती सांगा. नीलम्मा रडेल. तिला रडू द्या. डोळे पुसून तीच म्हणेल, "अजून सांगा."