मंडळ मात्र वाढलं

...नाही, पण मला सांगा, माणसानं आपल्याच घरात बसायचं तर परवानगी कुणाची काढायची? सकाळी चहाचा कप तोंडाला लावावा, तोच दारात जीप! नारायणगावच्या स्टँडवरून भरून आलेली, मागच्या फळीवरसुद्धा माणसं लोंबकळणारी. उतरली की नमस्कार नाही, चमत्कार नाही, सगळी थेट भिंतीकडं. कुणी टिचकी मारतं, कुणी नखानं खरवडतं, एकानं तर नाक लावून वास घेतला... आणि पुढं आमचा भाचा ऋषी, हातात काठी, माझ्याकडं ती काठी करून म्हणतो, "आणि हे इथले रहिवासी." रहिवासी! अरे, मामा म्हण की!

तुम्हाला सांगतो, सत्त्याण्णव साली मी घोडेगावच्या पंचायत समितीतून रिटायर झालो. म्हटलं, जन्मभर दुसऱ्यांच्या घरकुलांच्या फायली हलवल्या, आता आपलं एक घर बांधू. साधं, चारचौघांसारखं, स्लॅबचं. तेवढ्यात हा ऋषी पुण्याहून आर्किटेक्ट होऊन आला आणि आल्या आल्या त्यानं मंडळ काढलं. 'हरित बांधकाम मंडळ, जुन्नर-आंबेगाव.' माणसं तीन, तालुके दोन! मंडळाला शिक्का होता, अध्यक्ष होता, सरचिटणीस होता. नव्हतं ते एक घर.

"मामा, लेण्याद्रीला बघा. दोन हजार वर्षं लेणी उभी आहेत, एक गोणी सिमेंट नाही!"

म्हटलं, "अरे, ते भिक्षू होते. त्यांना कुठं घरात सून आणायची होती?"

तो हसला. मीही हसलो. पुढं त्या विनोदाला मला कधी हसता आलं नाही, ते सोडा.

जुन्नरचा नवाब मिस्त्री बोलावला. तो म्हणाला, "भाऊसाहेब, मातीची भिंत अशी उभी करून देतो की बघत राहाल. पण माझं नाव कुठं काढू नका. लोक म्हणतील, नवाबला सिमेंटची कामं मिळंनात." चुन्यात हिरड्याचं पाणी घातलं, गूळ घातला. आमच्या सौभाग्यवती गोजरबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. "चहात चमचाभर गूळ जास्त पडला तर डोळे वटारता, आणि भिंतीला अख्खी ढेप?" पुढं महिनाभर घरातल्या मुंग्यांनी आमच्यापेक्षा चांगले दिवस काढले.

घर मात्र झालं गार! मे महिन्यात शेजाऱ्यांचे स्लॅब तव्यासारखे तापायचे, आणि आमच्याकडं मी पुस्तक उघडायचो, पान उलटायच्या आत डोळा लागायचा. शेजारीपाजारी दुपारचे आडवे व्हायला यायला लागले. ऋषी काय करायचा? ते उठले की अर्धवट झोपेत असतानाच त्यांना सभासद करून घ्यायचा! नको तरी कसं म्हणतील हो, तोंडावर उशीचे वळ घेऊन? मंडळ मात्र वाढलं!

मग निघाला गोरखच्या लग्नाचा विषय. गोरख म्हणजे आमचा मुलगा. नारायणगावला टोमॅटोच्या आडतीवर कामाला, सरळ, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. पण आमच्याकडं मुलीकडचे पाहुणे मुलगा नंतर बघतात. आधी मान वर करून छत बघतात!

पहिले आले. "स्लॅब कधी टाकताय?"

"टाकत नाही."

"बरं... येतो मग." कपात चहा तसाच.

दुसरे तर त्याहून वर. नकार देऊन उंबऱ्यापर्यंत गेले आणि मागं फिरले. "भाऊ, ह्ये लई गार हाय बरं का. आमच्या गोठ्याला आसं जमंल का?" ऐका! मुलगी द्यायला हे घर नको, म्हशी बांधायला हवं! ऋषी त्याच आठवड्यात टेप घेऊन त्यांच्या गोठ्यात हजर. पुढं हेच चालू झालं. स्थळ यायचं, छत बघायचं, नाही म्हणायचं, आणि जाताना कुणाला गोठा, कुणाला कांद्याची वखार. ओतूरकडं झालं, डिंभ्याकडं झालं. सोयरीक मोडली... मंडळ मात्र वाढलं!

एकदा गोरख जेवता जेवता म्हणाला, "दादा, ऋषीला विचारा ना, मंडळ पुरं व्हायला अजून किती स्थळं लागतील?" आवाज चढवला नाही हो त्यानं. भाकरी मोडता मोडता म्हणाला. त्या दिवसापासून मला त्या गार घरात दुपारची झोप लागेना.

आणि मग आले धर्माजी, मुलगी तेजस्विनीला घेऊन. एकुलती एक, डी.एड. झालेली. म्हणाली होती, घर मी स्वतः बघणार. मी आत सदरा बदलायला गेलो, तेवढ्यात जीप थांबली आणि ऋषीला वाटलं, सहल आली! आता ऋषीचा नेम असा, की घर बघायला येणाऱ्यानं आधी माती तुडवायची. "चला, चपला काढा, धोतर वर घ्या!" मी बाहेर येऊन बघतो तर धर्माजी नडगीपर्यंत चिखलात, डोक्याचा पटका तसाच कडक, आणि ऋषी ओरडतोय, "टाच दाबा काका, टाच!"

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, "पावणं, अहो, तुम्ही सांगायचं नाही का?"

धर्माजी म्हणाले, "मला वाटलं तुमच्याकडची रीत आसंल. पाय धुवायला पाणी देत्यात ते ठावं व्हतं. आधी पाय भरवून मग पाणी देत्यात, ह्ये नवीन."

आत बसले. मान वर गेलीच. "घर ग्वाड हाय, भाऊसाहेब. पण गावात सांगू काय? पोरगी मातीच्या घरात दिली?"

तेजस्विनी भिंतीला पाठ टेकून बसली होती. म्हणाली, "अण्णा, आपल्याकडं उन्हाळ्यात आई गोठ्यात जाऊन झोपती. ते सांगता का गावात?"

धर्माजींनी पुन्हा एकदा छताकडं बघितलं. मग म्हणाले, "एक करा. म्होरं एक खोली काढा स्लॅबची. रस्त्यावनं दिसंल आशी. मागं तुमी मातीत ऱ्हावा न्हायतर झाडावर, माझं काय म्हननं न्हाई."

ऋषी ताडकन उठला. "मामा, तत्त्वाचा प्रश्न आहे!"

मी गोरखकडं बघितलं. तो जमिनीकडं बघत होता, आणि जमीन त्यानंच सकाळी सारवली होती. म्हटलं, "ऋषी, तत्त्व तुझं. मुलगा माझा."

नवाब असा धावत आला म्हणता! या वेळी रस्त्यावरून वाचता येईल एवढी पाटी स्वतः लावली. 'नवाब मिस्त्री, स्लॅब स्पेशालिस्ट.' लग्न झालं. सून गुणाची. धर्माजी येतात, स्लॅबच्या खोलीतून न थांबता पार होतात आणि मागं मातीच्या खोलीत ताणून देतात. पुढची खोली भट्टीसारखी तापते, तिथं कोण बसणार?

ऋषीच्या लक्षात आलं ना! आता दोन्ही तालुके त्याच्याकडं, नाशिक-साताऱ्याहून माणसं येतात, ऑफिस नको? "मामा, पुढची खोली रिकामीच आहे ना?" आता त्या स्लॅबखाली पाटी आहे: 'हरित बांधकाम मंडळ, मुख्य कार्यालय.' सभा दहाला सुरू होते, अकराला अध्यक्षांना घाम फुटतो, बाराला अख्खं मंडळ खुर्च्या उचलून मागं माझ्या खोलीत.

आणि मी? मी पुढं. स्लॅबखाली, पंखा लावून... रहिवासी!